शहराचे सांधे – ६ : घाटकोपरचा जिना

गेल्या आठवड्यात आपण दादर पाहिले. तिथे मध्य आणि पश्चिम रेल्वेची गाठ मुळातच पडलेली आहे. घाटकोपरचे तसे नाही. विद्याविहार आणि विक्रोळीच्या मधले हे उपनगरी स्थानक. जलद लोकल इथे थांबते, एवढेच त्याचे वेगळेपण होते. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि त्या दिवसापासून घाटकोपर जंक्शन झाले. मुंबईचे दोन्ही मुख्य रेल्वेमार्ग उत्तर-दक्षिण धावतात, त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्याला तोवर रस्त्याखेरीज फारसा पर्याय नव्हता. ठाण्याहून अंधेरीला जायचे तर घाटकोपरला उतरून बेस्टची ३४० नंबरची बस पकडायची, नाहीतर दादरपर्यंत जाऊन गाडी बदलायची आणि पुन्हा उत्तरेकडे यायचे. ११.४ किलोमीटर लांबीच्या, १२ स्थानकांच्या मेट्रोने हा वळसा संपवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचायला आता सुमारे २१ मिनिटे लागतात. या कामाचे मोल मोठे आहे. पण वळसा संपला तशी दादरला गाडी बदलणारी बरीच माणसे घाटकोपरच्या फलाटांवर उतरू लागली, आणि ते फलाट, ते पूल, ते जिने एवढ्या वर्दळीसाठी कधीच बांधलेले नव्हते. दोन वाहतुकींच्या जोडणीची ताकद त्यांच्यामधल्या जिन्यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे. गाड्यांची संख्या वाढवली आणि जिना तसाच ठेवला, तर वाढवलेल्या गाड्यांचा निम्मा लाभ त्या जिन्यावरच वाया जातो.

हिशेब करून पाहू. स्थानकांच्या नियोजनात साधारण असा ठोकताळा धरतात की, जिन्याच्या एक मीटर रुंदीवरून दाटीच्या वेळी मिनिटाला साठेक माणसे जातात. समजा जिना तीन मीटर रुंद आहे आणि बारा डब्यांच्या लोकलमधून सहाशे माणसे उतरली. मिनिटाला १८० या वेगाने ती सगळी वर जायला सव्वातीन मिनिटांच्या वर लागतील. हे झाले जिना पूर्ण रिकामा मिळाला तर. प्रत्यक्षात त्याच जिन्यावरून लोकल पकडायला माणसे खालीही येत असतात. म्हणजे निम्मी रुंदी गेली आणि वेळ साडेसहा मिनिटांपेक्षा जास्त झाला. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांत पुढची लोकल येते. पहिली गाडी रिकामी व्हायच्या आत दुसरीची माणसे फलाटावर उतरली की रांग आपोआप मिटण्याची शक्यता उरत नाही, ती फक्त वाढते. त्यात भर म्हणजे गर्दी फलाटावर सारखी पसरत नाही. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते, पण रोजचा प्रवासी मेट्रोच्या पुलाखाली थांबणारा डबा नेमका ओळखून असतो. गाडी फलाटात शिरत असतानाच त्या डब्याच्या दारात चार-पाच जण बाहेर झुकून तयार असतात आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरून जिन्याकडे धावतात. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे आहे. पण जिन्यावर दहा सेकंद आधी पोहोचल्याने समोरची मेट्रो मिळत असेल, तर माणूस धावणारच. त्याला धावायला लावणारी रचना आपणच उभी केली आहे.

हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही, हे मुंबईने एकदा भोगले आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, भर पावसात, परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. त्या दिवशी गाडी रुळावरून घसरली नव्हती की सिग्नल बिघडला नव्हता. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली, येणारी-जाणारी माणसे वाढली, गाड्या त्यांना आणून सोडत राहिल्या आणि पूल जुनाच राहिला. मला घाटकोपरची काळजी वाटते ती याच कारणाने.

यावर पहिला आक्षेप जागेचा येतो. घाटकोपर पश्चिमेला रस्ता चिंचोळा, रिक्षा आणि बसची दाटी, पूर्वेलाही मोकळी जमीन नाही. मग रुंद जिने बांधायचे कुठे? आक्षेप खरा आहे, पण जमिनीपुरता. रुळांवरची हवा मोकळीच असते. ठाण्याच्या पश्चिमेला ‘सॅटिस’ प्रकल्पात बस वरच्या डेकवर नेल्या आणि रेल्वेच्या पुलांवरून थेट त्या डेकवर जाता येईल अशी सोय केली. तिथली सगळी कोंडी सुटली असा दावा कुणी करू नये, पण लोकलमधून बसपर्यंत जाणारा माणूस खालच्या रिक्षांच्या गर्दीतून सुटला, हे दिसते. घाटकोपरलाही मुंबई रेल्वे विकास महामंडळाने डेक आणि रुंद पुलांचे काम हाती घेतले आहे. त्या डेकचा उपयोग नुसत्या मोठ्या प्रतीक्षागृहासारखा होऊ नये. तिकीट खिडक्या आणि स्टॉल वर नेले तर फलाटावरची अडवलेली जागा सुटेल. शिवाय फलाटाच्या दोन्ही टोकांचे पूल मेट्रोच्या बाजूशी वरूनच जोडले, तर सगळ्यांनी एकाच डब्यात घुसण्याचे कारण उरणार नाही. वेळ लागतो म्हणाल, तर परळच्या दुर्घटनेनंतर लष्कराच्या मदतीने तिथला, करी रोडचा आणि आंबिवलीचा असे तीन पूल फेब्रुवारी २०१८ अखेर खुले झाले होते. ते छोटे पूल होते हे मान्य. तरी ठरवले की काही महिन्यांत काय होऊ शकते, ते त्यातून कळते.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक केला जातो: नव्या मेट्रो मार्गिका होत आहेत, त्या सुरू झाल्या की घाटकोपरचा भार आपोआप उतरेल. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची मेट्रो ६ काही प्रवासी कांजूरमार्गला वळवील, यात शंका नाही. पण वडाळ्याहून ठाण्याकडे जाणारी मेट्रो ४ पाहा. ती घाटकोपर परिसरातूनच जाते, पंतनगर, लक्ष्मीनगर अशी तिची स्थानके आहेत, आणि तरी ती घाटकोपरच्या रेल्वे स्थानकाला थेट टेकत नाही. नकाशावर रेषा जवळून गेली म्हणून जोडणी होत नसते. मधले अंतर बस, रिक्षा किंवा पायांनीच कापावे लागणार, आणि त्याची आखणी मार्गिकेसोबतच व्हायला हवी. चार डब्यांची मेट्रो सहा डब्यांची करा, ही मागणीही रास्त आहे. त्याने सकाळी मरोळ-साकीनाक्याकडे निघालेल्यांची रांग हटेल. संध्याकाळी मात्र तीच मोठी गाडी एका वेळी जास्त माणसे घाटकोपरच्या पुलावर आणून सोडील. डबे वाढवावेतच, फक्त त्याआधी जिने वाढवावेत.

हे क्रमाने का होत नाही, याचे मूळ मालकीत आहे. फलाट आणि रेल्वेचा पूल मध्य रेल्वेचा, मेट्रोचे स्थानक चालवणारी कंपनी वेगळी, बाहेरचा रस्ता महापालिकेचा, बस बेस्टची. लोकलच्या दारापासून मेट्रोच्या गेटपर्यंतचे अंतर प्रवाशाच्या दृष्टीने एकच असते. कागदावर मात्र त्या सबंध अंतराला एक धनी नाही, म्हणून ते चालायला किती वेळ लागतो याची नोंद कुणाच्याच कामगिरीत धरली जात नाही. गाडी चार मिनिटे उशिरा आली तर ती नोंदली जाते, जिन्यावर गेलेली चार मिनिटे कुठेच लागत नाहीत. तिकिटांच्या बाबतीत ही भिंत पडू लागली आहे: ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपने लोकल, मेट्रो आणि बस मिळून ११ वाहतूक सेवा एकत्र आणल्या. ज्या यंत्रणा तिकिटासाठी एकत्र बसू शकतात, त्यांनी गर्दीच्या वेळी फलाट ते मेट्रो गेट हा वेळ एकत्रितपणे मोजावा आणि दर महिन्याला जाहीर करावा. मोजताना तरणाताठा, धावत जाणारा प्रवासी धरू नये. गुडघे दुखणारी, हातात पिशवी असलेली, सरकता जिना बंद असेल तर कठड्याला धरून चढणारी बाई धरावी. पूर्वेकडून येणाऱ्यांचा वेळ वेगळा मोजावा, कारण मेट्रो पश्चिमेला असल्याने त्यांना सगळे रूळ ओलांडून यावे लागते. पुढच्या भागात स्थानकाच्या बाहेर पडू आणि पश्चिमेच्या रस्त्यावर बसथांब्याला किती जागा उरली आहे, ते पाहू.