संत्र्याला भोक कोण पाडतो?

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर. नागपूर जिल्ह्यातले हे तालुके संत्र्याचे. इथे संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या सुमारास तोडणीला येते. मृग बहाराचे फळ होळीच्या सुमारास निघते.

आंबियाचे फळ भाद्रपद-आश्विनात भरू लागते, रंग धरू लागते. नेमके तेव्हाच ते गळू लागते. सकाळी बगिच्यात जावे, तर झाडाखाली फळांचा सडा! वर्षाची मेहनत मातीत. मग कोणी म्हणतो, वाऱ्याने पाडले. कोणी म्हणतो, पोपटाने पाडले. कोणी दुकानातून औषध आणतो आणि भर दुपारी फवारतो. पैसा जातो, पण गळ थांबत नाही.

फळ गळण्याची कारणे पुष्कळ आहेत. मुळाशी पाणी साचले तरी फळ गळते. बुरशी लागली तरी गळते. पण एक कारण असे आहे, की ते दिवसा दिसतच नाही. ते पाहायला रात्रीच जावे लागते.

आधी फळ पाहा

गळलेले फळ हातात घ्या. फिरवून पाहा. सालीवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक भोक आहे काय? दाबले तर त्यातून रस येतो काय? आता फळ कापा. आत पांढुरक्या अळ्या वळवळत असतील, तर ते काम फळमाशीचे. अळ्या नाहीत, पण भोकाखालचा गर कोरडा आणि पोकळ झाला आहे, तर समजा, चोर रात्रीचा आहे. त्याचे नाव रस शोषणारा पतंग.

हा पतंग कसा असतो?

पतंग चांगला मोठा असतो. पंख पसरले तर सुमारे ९ सेंटिमीटर भरतात. पुढचे पंख तपकिरी, वाळल्या पानासारखे. मागचे पंख नारिंगी-पिवळे, त्यांवर काळे डाग. दिवसा तो पंख मिटून झुडपात किंवा पालापाचोळ्यात बसतो. शेजारून गेलात तरी वाळले पानच वाटेल.

बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते. ती फुलातला मध पिण्यापुरती. तिने फळाची साल फुटत नाही. या पतंगाची सोंड मात्र टोकाला कडक आणि दातेरी असते. सुताराने गिरमिट घुसवावे, तशी तो ती सालीत घुसवतो. रस पितो आणि उडून जातो. भोक मागे राहते. त्यातून बुरशी आत शिरते. फळ सडते आणि गळते.

आता फवारा का लागू पडत नाही, ते ध्यानात येईल. दिवसा पतंग झाडावर नसतो. रात्री येतो, तो साल खात नाही, आतला रस पितो. सालीवरचे औषध त्याच्या पोटात जाणार कसे?

रात्री कसे पाहावे?

आधी घरच्या अंगणात डोळ्यांना सवय करा. दोरीवर पांढरे धोतर टांगा. जवळ दिवा लावा. घटकाभरात किडे येऊन बसतील. पतंग कोणता, भुंगेरा कोणता, तुडतुडा कोणता, हे मुलाबाळांसह पाहा.

मग बगिच्यात जा. रात्री आठ ते अकरा ही वेळ सोयीची. इथे दिवा लावून पतंगाची वाट पाहू नका. त्याला फळावरच शोधा. बॅटरीच्या तोंडावर लाल पातळ कागद बांधा. लाल उजेडाला किडे फारसे बिचकत नाहीत. फांदी हलवू नका. उजेड पडला, की पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात.

मोबाइल असेल तर फोटो घ्या. एकाने बाजूने उजेड धरावा. दुसऱ्याने वीतभर अंतरावरून फोटो काढावा. हात स्थिर ठेवा. सोंड सालीत घुसलेली दिसली पाहिजे. कारण एकाने पाडलेल्या भोकावर दुसरे पतंगही रस प्यायला येतात. त्यांना भोक पाडता येत नाही. त्यांनाच धरले, तर चोर सोडून संन्याशाला फाशी! फोटोची तारीख आणि वेळ मोबाइलात राहते. ती पुढे उपयोगी पडते.

एकटे जाऊ नका. पायात बूट घाला. हातात काठी ठेवा. पावसाळ्यात साप-विंचू बाहेर असतात. दगडाखाली किंवा पाल्यात हात घालू नका.

अळी कुठे वाढते?

या पतंगाची अळी संत्र्याच्या झाडावर वाढत नाही. पतंग अंडी घालतो बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. अळी त्यांचीच पाने खाते. तिच्या अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. शेपटाकडची बाजू उंच करून ती बसते. म्हणजे पाळणा बांधावर आणि चोरी बगिच्यात. झाडावर औषध मारून बांधावरची अळी मरत नाही. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

उपाय काय?

बगिच्याच्या कडेची गुळवेल आणि वासनवेल काढा. गुळवेल औषधी आहे. हवी असेल तर बगिच्यापासून दूर लावा. गळलेली फळे रोज वेचा आणि खोल खड्ड्यात पुरा. सडक्या फळाच्या वासाने पतंग आणखी येतात. दिवस मावळताना ओल्या काडीकचऱ्याचा धूर करा. फळावर बसलेले पतंग जाळीने धरा आणि मारा. हे सारे एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या बांधावर वेल राहिली, तर पतंग तिथून येतो. म्हणून शेजाऱ्यालाही फोटो दाखवा. डोळ्यांनी पाहिले, की माणसाला पटते.

नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिचे काम १९८५ साली सुरू झाले. संत्री, मोसंबी आणि लिंबू यांचाच अभ्यास तिथे चालतो. तिथे किंवा आपल्या कृषी सहायकाला फळ आणि फोटो दाखवा, आणि मगच औषध विकत घ्या.

दिसेल तो किडा मारू नका. प्रार्थनाकीटक आणि कोळी दुसरे किडे खातात. ते आपले राखणदार आहेत.

औषधाची बाटली महाग असते. दोन रात्रींचे जागरण फुकट असते. आधी पाहा, ओळखा, आणि मग उपाय करा.