पाऊस मोजला, पुढे काय?

महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन. एक रायगडातला, सह्याद्रीच्या पायथ्याचा, भातशेतीचा; दुसरा अहिल्यानगरमधला, अवर्षणप्रवण. राज्यभरच्या पावसाच्या तक्त्यावर नुसत्या तालुक्याच्या नावाने बेरीज मागितली, की एक्सेल हे दोन्ही कर्जत एकत्र करून मोकळं होतं. येणारा आकडा दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना सारखाच निरुपयोगी. आलेख काढायचं महागडं साधन घेतलं तरी जिल्ह्याचा रकाना दिल्याशिवाय ते हीच चूक करणार, फक्त अधिक देखण्या रंगांत. म्हणून साधनांची तुलना करण्याआधी तक्ता निरखावा, असं माझं ठाम मत आहे.

पावसाच्या तक्त्यात निरखण्यासारखं बरंच असतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे रात्री कोसळलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेला लागतो. ७/६ ही तारीख अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला संगणक ६ जुलै अशी वाचतो, आणि जूनचा पाऊस जुलैत जातो. देवनागरी अंकांत टाकलेले मिलिमीटर अनेकदा मजकूर समजले जातात नि बेरजेतून गळतात. मोकळा चौकोन म्हणजे पाऊस नव्हता की नोंद नव्हती, हे तर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

तक्ता नीट झाला, तरी बेरीज किती दिवसांची घ्यायची हा प्रश्न उरतोच. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगडातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारने सांगितलं. कोकणातल्या जुलैची बेरीज एरवीही मोठी असते. महिन्याच्या एका उंच खांबात असे तीन दिवस दिसतच नाहीत. रोजच्या पावसाशेजारी आणखी एक रकाना घ्यावा: आजचा आणि मागच्या दोन दिवसांचा मिळून पाऊस. सूत्र एकदा लिहायचं, खाली ओढायचं, आणि त्याचा रेषालेख काढायचा. डोंगर किती भिजला आहे याचा अंदाज या रेषेवरून येतो. दरड कधी सुटेल हे मात्र ती सांगत नाही. त्याला उतार, मातीचा थर, खडकातल्या भेगा, पाण्याचा निचरा अशी कारणं लागतात. तरीही पावसाळ्यात रोज डोळ्यांसमोर असावी अशी ही रेषा आहे, आणि ती काढायला कुठलंही खास साधन लागत नाही.

एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. एका केंद्राच्या रोजच्या नोंदी पन्नास वर्षं ठेवल्या तरी साधारण १८,२६० ओळी भरतात. मंडळवार किंवा महिनावार बेरजा हव्या असतील तर पिव्होट टेबल शिकावं. वेगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा तिथे दिलेली दुपार जास्त कामाला येते. पैसे खर्चायचे नसतील, तर लिब्रेऑफिस कॅल्क मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. पावसात वाडीवस्तीवरची रेंज गेली की या गोष्टीचं मोल कळतं. चार जण मोबाइलवरून नोंदी भरणार असतील तर गूगल शीट्स सोयीचं.

पॉवर बीआय डेस्कटॉपची गरज खरी पडते ती अनेक तक्ते जोडायचे असतात तेव्हा: पाऊस, भाताची लावणी, विहिरींची पातळी. विंडोजवर ते फुकट मिळतं, पण अहवाल सहकाऱ्यांना खासगीत दाखवायचा तर सहसा परवाना घ्यावा लागतो. टॅब्लो पब्लिकचे आलेख सुंदर, मात्र तिथे प्रसिद्ध केलेलं सगळ्या जगाला खुलं होतं. पावसाचे आकडे जरूर टाकावेत. लाभार्थ्यांची नावं, मोबाइल क्रमांक किंवा बचत गटाच्या कर्जाचा तक्ता तिथे कधीही चढवू नये.

कुठलंही साधन पारखताना विक्रेत्याचा नमुना बाजूला ठेवून आपलाच एका पावसाळ्याचा तक्ता द्यावा. मराठी नावं आलेखावर न तुटता उमटतात का, चुकलेली नोंद दुरुस्त केल्यावर आलेख आपोआप बदलतो का, आणि नोंदवही सांभाळणारी व्यक्ती रजेवर असताना दुसऱ्या कुणाला त्यात आजचा पाऊस भरता येतो का, हे तपासावं.