स्वस्त माल, कमी पगार आणि युनियन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वॉलमार्ट आणि कॉस्टको ही नावे आता मराठी घरांत परकी राहिलेली नाहीत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात ती सतत येतात, आणि 2018 पासून फ्लिपकार्टची मालकीही वॉलमार्टकडे आहे. दोन्ही कंपन्यांचा धंदा कमी भावावर उभा आहे. त्यांच्या कामगारांविषयी मात्र जे ठामपणे बोलले जाते, त्यातले बरेचसे तपासल्यावर टिकत नाही.

गैरसमज : माल स्वस्त विकायचा तर पगार कमीच द्यावे लागतात.

वस्तुस्थिती : कॉस्टको खरेदीच्या किमतीवर साधारण 14-15 टक्क्यांहून जास्त चढवत नाही. तिच्या दुकानात मालाचे सुमारे 4,000 प्रकार असतात, तर वॉलमार्टच्या सुपरसेंटरमध्ये लाखाच्या वर. प्रकार मोजके असल्याने प्रत्येकाची खरेदी प्रचंड होते आणि पुरवठादार भाव उतरवतो. बराचसा माल पॅलेटवरूनच विकला जातो, त्यामुळे मांडामांडीत माणसे अडकत नाहीत. नफ्याचा मोठा भाग तर ग्राहकांच्या वार्षिक सभासद वर्गणीतूनच येतो. म्हणूनच पगार आणि आरोग्यविम्याच्या बाबतीत ही कंपनी या धंद्यात वरच्या रांगेत राहू शकली.

गैरसमज : युनियन आली की ग्राहकसेवा ढासळते.

वस्तुस्थिती : वॉलमार्टच्या अमेरिकेतल्या दुकानांत युनियन नाही. तरीही 2015 च्या सुरुवातीला ग्राहकसेवेचे उद्दिष्ट गाठणारी तिची दुकाने जेमतेम 16 टक्के होती. कंपनीने त्या वर्षी किमान पगार तासाला 9 डॉलर आणि पुढच्या वर्षी 10 डॉलर केला, प्रशिक्षण वाढवले, आणि 2016 मध्ये हे प्रमाण 75 टक्क्यांवर गेले. युनियनमुळेच सेवा सुधारते, असे मी म्हणणार नाही. कॉस्टकोचीही बहुतेक दुकाने युनियनविना चालतात. सेवा अवलंबून असते ती दुकानात पुरेशी माणसे आहेत का आणि ती टिकतात का, यावर.

गैरसमज : वॉलमार्टच्या कामगारांनाच युनियन नको आहे.

वस्तुस्थिती : हा समज मला सगळ्यांत अन्यायकारक वाटतो. टेक्सासमधल्या जॅक्सनव्हिल इथल्या दुकानात मांस कापणाऱ्या कामगारांनी फेब्रुवारी 2000 मध्ये 7 विरुद्ध 3 मतांनी युनियन निवडली. दोनच आठवड्यांत कंपनीने जाहीर केले की त्या दुकानासह सुमारे 180 दुकानांत यापुढे आधीच कापून पॅक केलेले मांस येईल. म्हणजे त्या कामगारांचे कसबच निकामी झाले. निर्णय आधीच झाला होता, असे कंपनीचे म्हणणे होते.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या झोंकियेरचे प्रकरण तर याहून बोलके आहे. तिथल्या दुकानाच्या युनियनला 2004 मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या कराराची बोलणी अडली, प्रकरण लवादाकडे जायची वेळ आली, आणि कंपनीने दुकानच बंद करण्याची घोषणा केली. एप्रिल 2005 मध्ये शटर खाली आले आणि सुमारे 190 जणांचा रोजगार गेला. कारण तोट्याचे सांगितले गेले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कामगारांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर नऊ वर्षे उलटली होती. असे घडताना पाहिलेल्या शेजारच्या दुकानातल्या कामगाराने गप्प राहणे पसंत केले, तर त्याला युनियन नको आहे, असा अर्थ कसा काढायचा?

चीनमध्ये मात्र याच कंपनीच्या दुकानांत 2006 पासून युनियन आहे. अर्थात तिथली अधिकृत कामगार संघटना कम्युनिस्ट पक्षाच्या नियंत्रणाखाली चालते.

गैरसमज : चांगला पगार मिळाला की युनियनची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती : व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथल्या कॉस्टकोच्या कामगारांनी डिसेंबर 2023 मध्ये टीमस्टर्स युनियनच्या बाजूने कौल दिला. त्यावर कंपनीच्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना लिहिले, की आपली निराशा कामगारांबद्दल नाही, स्वतःबद्दल आहे. त्यांना युनियनची गरज वाटावी, हे आपलेच अपयश. मालकाकडून असा प्रतिसाद क्वचितच येतो. तरीही वर्षभराने टीमस्टर्सच्या सुमारे 18,000 सभासदांचा करार संपत आला, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी 85 टक्क्यांनी संपाला मंजुरी दिली. 31 जानेवारी 2025 ला मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी प्राथमिक सहमती होऊन संप टळला.