विचारण्याचं कारण हवं: स्पॅनिशच्या वर्गात बोलणं कसं घडवावं

परकी भाषेच्या पहिल्या तासाला बहुतेक वर्गांत एकच चित्र दिसतं. फळ्यावर क्रियापदाची सहा रूपं लिहिली जातात, मुलं ती वहीत उतरवतात आणि घोकतात. महिन्याभराने रूपं पाठ असतात, पण गाडी किती वाजता सुटते एवढं विचारायचं म्हटलं तरी जीभ अडते. याचं कारण साधं आहे: वर्गात कुणाला काही विचारायची गरजच पडलेली नसते. शिक्षक पुस्तक हातात धरून ‘हे काय आहे?’ विचारतात, तेव्हा ते पुस्तक आहे हे सगळ्यांनाच दिसत असतं. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, तो प्रश्न म्हणजे पाठांतराची तपासणी असते.

संवादावर आधारलेली अध्यापनपद्धत ही गरज वर्गात मुद्दाम निर्माण करते. 1970च्या दशकात तिला आकार आला. व्याकरण येणं वेगळं आणि कुणाशी, कधी, कसं बोलावं हे येणं वेगळं, हा विचार अमेरिकी अभ्यासक डेल हाइम्स यांनी मांडला. भाषा वापरून माणसाला रोजची कोणती कामं करता आली पाहिजेत, याची इंग्रजीसाठीची यादी युरोप परिषदेने 1975 साली काढली आणि 1979मध्ये स्पॅनिशसाठीचीही काढली. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ए-1 ते सी-2 या सहा पातळ्या त्याच कामातून पुढे 2001मध्ये ठरल्या.

भारताचाही यात मोलाचा वाटा आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि तमिळनाडूतल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. भाषा इंग्रजी होती, पण तत्त्व कोणत्याही भाषेला लागू पडतं. दोन माणसांत काहीतरी तफावत असली की बोलणं होतं, आणि ही तफावत माहितीची, तर्काची किंवा मताची असते, अशी मांडणी त्यांनी केली. स्पॅनिशचा वर्ग याच तीन पायऱ्यांनी उभा करता येतो.

धाडच्या मुलांजवळ आधीच काय आहे?

महाराष्ट्रात स्पॅनिश म्हटलं की पुणं-मुंबई आठवते. पुणे विद्यापीठात ती शिकवलीही जाते. पण समजा, बुलढाणा तालुक्यातल्या धाडमध्ये आठवी-नववीच्या पंधरा-वीस मुलांचा वर्ग भरवायचा आहे. फळा, जाड कागदाची कार्डं आणि पेन एवढं साहित्य पुरेल. मुलांकडे काही नाही असं समजून सुरुवात मात्र करू नये.

उच्चारांपासून पाहू. स्पॅनिशमध्ये पाच मूळ स्वर आहेत: आ, ए, इ, ओ, उ. तिथला ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावून म्हणतात, अगदी मराठीसारखा. इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी ‘टोमाटे’ म्हणतो, मराठीतून थेट गेलेला सहज ‘तोमाते’ म्हणतो. रोमन जे या अक्षराचा तिथला उच्चार घशातून घासून येणारा ‘ख’ आहे. धाडमध्ये मराठीबरोबर उर्दूही बोलली जाते, आणि ‘खबर’ हा शब्द उर्दू ढंगाने म्हणणाऱ्या मुलाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. त्याने तो शेजाऱ्याला शिकवावा. ही पहिल्याच दिवशीची संवादाची कृती झाली. एकेरी की आदरार्थी हा प्रश्नही मुलांना नवा नाही. मित्राला ‘तू’ आणि अनोळखी मोठ्या माणसाला ‘उस्तेद’ म्हणायचं, एवढं सांगितलं की पुरे.

पहिली पायरी: माहितीची तफावत

मुलांच्या जोड्या करायच्या. प्रत्येक जोडीला बसच्या वेळापत्रकाची दोन कार्डं द्यायची. वेळा शिक्षकाने मनाने घातल्या तरी चालतील. एका कार्डावर शेगाव आणि लोणारच्या गाड्यांच्या वेळा भरलेल्या, सिंदखेडराजा आणि जालन्याच्या रिकाम्या. दुसऱ्या कार्डावर नेमकं उलट. कार्ड दाखवायचं नाही, फक्त विचारायचं आणि ऐकून लिहायचं.

त्याआधी दहा मिनिटांची तयारी लागते. एक ते बारा आकडे आणि ‘साडे’साठी ‘इ मेदिया’ एवढं यायला हवं. मग प्रश्न: ‘आ के ओरा साले एल आउतोबुस पारा शेगाव?’ म्हणजे शेगावची गाडी किती वाजता सुटते? उत्तर: ‘साले आ लास ओचो इ मेदिया’, साडेआठला. यांच्याइतकीच अडचणीतून सोडवणारी वाक्यंही द्यावीत. ‘कोमो?’ म्हणजे काय म्हणालास? ‘मास देस्पासियो, पोर फाबोर’ म्हणजे जरा हळू, कृपा करून. ही नसतील तर मूल अडलं की लगेच मराठीवर येतं.

कृती सहा-सात मिनिटं चालते. मग दोघांनी कार्डं शेजारी ठेवून ताडून पाहायची. चूक कुठे झाली ते शिक्षकाने सांगावं लागत नाही. साडेआठच्या जागी साडेसात लिहिलेलं असलं की दोघांनाही ते कळतं.

दुसरी पायरी: तर्काची तफावत

कार्डं तीच ठेवायची, फक्त त्यांत परतीच्या गाड्यांच्या वेळा घालायच्या. आता प्रश्न असा: एका पाहुण्याला लोणारचं सरोवर नीट बघायला तीन तास हवेत आणि संध्याकाळी धाडला परतायचं आहे. त्याने कोणती गाडी पकडावी? याचं उत्तर कोणत्याच कार्डावर लिहिलेलं नाही. ते काढावं लागतं. ‘पोर के?’ विचारलं की ‘पोर्के...’ म्हणून कारण द्यावं लागतं.

प्रभूंचा सर्वाधिक भर याच प्रकारावर होता. विद्यार्थी अर्थात गुंतला की भाषा आपोआप कामाला लागते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गटात बसवण्याचा आग्रह धरला नव्हता. भरलेल्या वर्गापुढे उभं राहून शिक्षकच कोडं सोडवून घेत. मुलं जास्त असली की ही पद्धत चालत नाही, हा समज म्हणूनच टिकत नाही.

तिसरी पायरी: मताची तफावत

आवडीनिवडीला चूक-बरोबर नसतं, त्यामुळे ही पायरी सोपी वाटते. पण इथे स्वतःचं सांगायचं असल्याने शब्द जास्त लागतात. म्हणून ती शेवटी. विषय बाजाराचा घ्यावा. मका, मिरची, टोमॅटो, बटाटा ही सगळी पिकं मूळची अमेरिका खंडातली, स्पॅनिश-पोर्तुगीज दर्यावर्द्यांमुळे जगभर पसरलेली. त्यामुळे ही शब्दयादी परकी वाटत नाही: माइस, चिले, तोमाते, पापा.

आवड सांगायच्या रचनेत मराठी मूल इंग्रजीवाल्यांच्या पुढे असतं. ‘मे गुस्ता एल माइस’ म्हणजे मला मका आवडतो. ‘मे गुस्तान लास पापायास’ म्हणजे मला पपया आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. ‘आ मी ताम्बिएन’ म्हणजे मलाही. इंग्रजीतून शिकवलं की हीच रचना उलटीपालटी वाटते. मुलांनी वर्गभर फिरून आपल्यासारख्याच तीन आवडी असलेला जोडीदार शोधावा, एवढी कृती पुरते.

मराठी जिथे मदत करत नाही ती जागाही याच खेळात दाखवावी. आपल्या एका ‘आहे’साठी तिथे दोन क्रियापदं आहेत. ‘सोय दे धाड’ म्हणजे मी धाडचा आहे. ‘एस्तोय एन धाड’ म्हणजे मी आत्ता धाडमध्ये आहे. प्रत्येकाला एक गाव मूळचं आणि एक सध्याचं असं गुप्त कार्ड दिलं की दोन्ही वाक्यं लागतातच.

चुका कधी सुधारायच्या?

बोलणं चालू असताना शिक्षकाने वही घेऊन फिरावं आणि ऐकावं. अर्थच अडला असेल तरच मध्ये पडावं. शेवटच्या दहा मिनिटांत ऐकलेली पाच-सहा चुकीची वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहावीत आणि मुलांकडूनच दुरुस्त करून घ्यावीत. व्याकरणाचा नियम सांगायची वेळ ही. तोवर मुलांना त्या नियमाची गरज लागून गेलेली असते. कृतीच्या सूचना मात्र खुशाल मराठीत द्याव्यात. सूचना समजण्यात वेळ गेला तर बोलायला तो उरत नाही.

प्रगती मोजायला इन्स्तितुतो सेर्व्हांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची ‘देले’ परीक्षा आहे. तिच्या ए-1 पातळीत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. वाचन-लेखन आणि श्रवण-संभाषण या दोन्ही जोड्यांत 50पैकी 30 गुण स्वतंत्रपणे लागतात. लिहिण्यात कितीही हुशार असला तरी बोलण्या-ऐकण्यात मागे पडलेला विद्यार्थी उत्तीर्ण होत नाही.

नवी कृती तयार करताना शिक्षकाने एक पडताळा घ्यावा. दोघांची कार्डं उघडी ठेवली तरी ती तशीच चालते का? चालत असेल, तर मुलांना बोलायला काही कारणच उरलेलं नाही. अशा वेळी कार्डावरची एक माहिती खोडावी आणि ती फक्त दुसऱ्याच्या कार्डावर ठेवावी.