‘कॅशलेस’ उपचार आणि नकाराचे स्वरूप

‘तुमचा विमा येथे चालत नाही’ हे वाक्य खाजगी रुग्णालयाच्या खिडकीशी ऐकावे लागते, तेव्हा तो नकार नेमका कशाचा असतो? या एका वाक्यात तीन भिन्न गोष्टी एकवटलेल्या असू शकतात : उपचारासच नकार, विमा कंपनीकडून परस्पर पैसे स्वीकारण्यास नकार, आणि अनामत रक्कम भरल्याखेरीज दाखल करून घेण्यास नकार. तिन्हींचे कायदेशीर व नैतिक स्वरूप वेगळे आहे. त्यांची गल्लत झाली, तर तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

भारतात १९८६ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ विमापत्र आणले, तेव्हा व्यवहार प्रतिपूर्तीचा होता. रुग्णाने देयक चुकते करावे व मागाहून कंपनीकडे दावा करावा, अशी ती रीत होती. कंपनी कोणती, याच्याशी डॉक्टरला कर्तव्य नव्हते. २००१ च्या विनियमांनी त्रयस्थ प्रशासकांना, म्हणजे ‘टीपीए’ना, नियमबद्ध स्थान दिले आणि ‘कॅशलेस’ पद्धती रूढ होत गेली. डॉक्टर व रुग्ण यांच्या जुन्या नात्यात तिसरा पक्ष आला आणि उपचाराचा दर ठरविण्यात त्याचा शब्द वजनदार ठरू लागला.

‘कॅशलेस’ हा शब्द काहीसा फसवा आहे. येथे पैसा नाहीसा होत नाही. तो कोणी, केव्हा व कोणत्या दराने द्यावयाचा, एवढेच बदलते. समजा, एखाद्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय ६० हजार रुपये आकारते आणि कंपनीशी ठरलेला दर ४५ हजारांचा आहे. करार केलेल्या रुग्णालयाला वरचे १५ हजार सामान्यतः रुग्णाकडून घेता येत नाहीत. शिवाय रक्कम हाती पडण्यास लागणारा विलंब, मागाहून होणारी कपात आणि कागदपत्रांसाठी ठेवावा लागणारा कर्मचारीवर्ग यांचा भार असतोच. मोठे रुग्णालय हा भार पेलते. दहा-पंधरा खाटांच्या शुश्रूषागृहाला तो जड जातो. मग त्याचे चालक करारच नाकारतात.

नकार दुसऱ्या बाजूनेही येतो. जुलै २०१० मध्ये चार सार्वजनिक विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई व बंगळूर येथे फुगविलेल्या देयकांचे कारण देऊन ‘कॅशलेस’ सवलत ठराविक रुग्णालयांपुरती मर्यादित केली. शासकीय योजनाही यास अपवाद नाहीत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. तथापि ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील अनेक खाजगी रुग्णालयांनी थकबाकीमुळे या योजनेखालील सेवा थांबविल्या. भांडण देयकाचे होते, पण दारातून परत फिरला तो रुग्ण.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारासंबंधीचे २००२ चे विनियम कोणाला सेवा द्यावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला देतात. मात्र तातडीच्या प्रसंगी मदतीच्या हाकेला त्याने प्रतिसाद द्यावा, असेही सांगतात. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवितरक्षण हे शासकीय व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य मानले. तेव्हा विम्याचा करार नाकारणे हा व्यावसायिक निर्णय ठरू शकतो. अत्यवस्थ रुग्णाला नाकारणे हा कर्तव्यच्युतीचा प्रकार होय.

जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा परिषदेने करार नसलेल्या रुग्णालयांतही ‘कॅशलेस’ची वाट खुली केली. त्यासाठी नियोजित उपचारापूर्वी ४८ तास, तर तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळविणे आवश्यक ठरले. मे २०२४ च्या परिपत्रकाने विमा नियामकाने पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात व घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. तथापि ही बंधने कंपन्यांवर आहेत. रुग्णालयाची संमती त्यांतून आपोआप निष्पन्न होत नाही.

म्हणूनच खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘विमा चालतो का?’ हा नव्हे. ‘उपचार नाकारता की केवळ परस्पर देयक?’ असे विचारले, म्हणजे नकाराचे स्वरूप स्पष्ट होते. देयकच नाकारले असेल, तर विमापत्रातील अटींना अधीन राहून प्रतिपूर्तीचा जुना मार्ग उरतो. पदरी तेवढी रक्कम नसलेल्या कुटुंबाला मात्र दोन्ही नकार सारखेच भासतात. विम्याच्या व्यवस्थेची खरी कसोटी तेथेच लागते.