जनुकांची यादी मिळाली, पुढे काय?

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तरी हरकत नाही, आज गणित आहे पण थोडंच.

तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी सीईटीपीतून पुढे नवापूरच्या समुद्रात जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सीईपीआय यादीत तारापूरला ९३.६९ गुण होते. म्हणजे प्रदूषणात देशात पहिला नंबर. (असला पहिला नंबर कोणाला हवाय!) अशा केंद्रात घाण खायचं काम गाळातले जिवाणू करतात. फिनॉलसारखं केमिकल फोडायची जनुकं त्यांच्याकडे आहेत का, हे बघायचं तर गाळातला सगळा डीएनए एकत्र वाचता येतो. पण हातात येतात लाखो तुकडे. नुसते बघून काय कळणार?

इथे सॉफ्टवेअर लागतं. प्रत्येक तुकडा ओळखीच्या जनुकाशी जुळवायचा आणि त्याला कामाचं लेबल लावायचं. लेबलं आधीच ठरलेली आहेत. सीओजी यादीत एकेका कामाला एक इंग्रजी अक्षर: 'सी' म्हणजे ऊर्जा, 'जे' म्हणजे प्रथिनं बनवणं, आणि 'एस' म्हणजे काम माहीतच नाही. प्रामाणिक लोक! केगमध्ये रासायनिक क्रियांचे नकाशे मिळतात. जीन ऑन्टॉलॉजी १९९८ साली फळमाशी, उंदीर आणि यीस्टवर काम करणाऱ्या गटांनी सुरू केली, एका कामाला सगळीकडे एकच नाव असावं म्हणून. आणि ही सगळी लेबलं एकाच वेळी लावणारं कॉग्नायझर हे टूल २०१५ मध्ये कोणी आणलं? आपल्या पुण्यातल्या टीसीएसच्या संशोधकांनी.

लेबलं लागली की मोजणी. खरी गंमत इथेच आहे.

समजा, तुलनेच्या यादीत ४,००० जनुकं आहेत आणि त्यातली २०० 'केमिकल फोडणारी', म्हणजे ५ टक्के. आपल्या गाळात ठळक दिसलेली १०० जनुकं घेतली, तर त्यात साधारण ५ निघायला हवीत. निघाली २०. चौपट! एवढी नुसत्या योगायोगाने निघण्याची शक्यता किती, ते टूल काढून देतं. त्यालाच एनरिचमेंट म्हणतात.

पण थांबा. ती ४,००० ची यादी कुठली? बोईसर स्टेशनवर उतरणाऱ्या १०० जणांत ३० केमिकल कंपनीतले निघाले, तर जव्हारच्या मानाने ते खूप वाटतील. एमआयडीसीच्या गेटवरच्या गर्दीशी तुलना केली तर कमीच. तसंच इथे. साध्या मातीशी तुलना केली तर तारापूरचा गाळ भारी दिसेल. दुसऱ्या एखाद्या सीईटीपीच्या गाळातही १०० पैकी १८ निघत असतील, तर आपल्या २० चं कौतुक संपलं.

म्हणून डेव्हिडसारखं टूल वापरताना बॅकग्राउंड स्वतः द्या. दिलं नाही तर ते त्या प्रजातीची सगळी जनुकं धरतं, आणि रिझल्ट उगाच चमकतो. अजून एक, ५०० गट तपासले तर ५ टक्क्यांच्या हिशोबाने २५ नुसत्या नशिबाने 'खास' ठरू शकतात. त्यामुळे साध्या पी-व्हॅल्यूवर जाऊ नका, शेजारचा एफडीआरचा कॉलम बघा.

आणि जनुक सापडलं म्हणजे ते चालू आहे असंही नाही. त्यासाठी आरएनए वाचावा लागतो. फिनॉल किती उरलं, ते मात्र आउटलेटचं पाणी तपासूनच कळतं.