रफ कॉली
रफ कॉली ही स्कॉटलंडमध्ये मेंढ्या राखण्यासाठी विकसित झालेली, लांब केसांची कुत्र्याची जात आहे. एरिक नाइट यांच्या १९४० सालच्या कादंबरीतील ‘लॅसी’मुळे ती विशेष प्रसिद्ध झाली.

ही जात स्वभावाने सौम्य असली, तरी कळप राखण्याची वृत्ती घरातही टिकून राहते. त्यामुळे ती धावणाऱ्या मुलांना वळवू पाहते व वारंवार भुंकते. तिला रोजचा व्यायाम, माणसांची सोबत आणि नियमित विंचरणे आवश्यक असते. दाट दुहेरी केसांमुळे तिला उष्ण हवामान मानवत नाही.

अनेक कॉलींमध्ये एमडीआर१ या जनुकात उत्परिवर्तन आढळते. त्यामुळे मेंदूतून औषधे बाहेर टाकणारे प्रथिन निकामी होते आणि खरजेवर दिली जाणारी आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा जीवघेणी ठरू शकते. हा दोष जनुकीय चाचणीने आधीच ओळखता येतो.